गाडीच्या तापाचं निदान

१ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. संकल्प खरं तर जानेवारीचा होता, पण जानेवारीत सगळेच संकल्प करतात, फार गर्दी होते. नियम एकच: खरं लिहायचं. वाचणारा मीच, मग लपवाछपवी कुणापासून?

आजची मोठी घटना: गाडीला पाटी बसवली. कल्पना माझी, डिझाइन माझं, स्क्रूही मीच पिळले. गाडीची पुढची जाळी म्हणजे नुसती भोकंच भोकं, बघवत नव्हती. आता एका हेडलाइटपासून दुसऱ्या हेडलाइटपर्यंत पांढरेशुभ्र दात, वर एक आणि खाली एक ओठ, मधोमध माझ्या दवाखान्याचं नाव आणि फोन नंबर, खाली लफ्फेदार अक्षरांत ‘हसा, अगदी मोकळेपणाने!’ पाटी खडखडू नये म्हणून कडेने रबराची पट्टीही लावली. कुठे फट म्हणून ठेवली नाही. दातांच्या डॉक्टरला फट चालत नाही.

गाडी मूळची सासरेबुवांची. डोळे अधू झाल्यावर त्यांनी चालवणं सोडलं आणि ती बायकोच्या नावावर केली. चालवतो मी, त्यामुळे माझीच.

बायको म्हणाली, गाडी दात विचकते आहे असं वाटतं. मी म्हटलं, तेच तर हवंय.

३ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्यातून येताना उड्डाणपुलावर तापमानाचा काटा मध्याच्या पुढे. आजवर कधी असं झालं नव्हतं. काचेवर बोट आपटून बघितलं. काटा हलला नाही.

कारण उघड आहे: पेट्रोल. परवा भलत्याच पंपावर भरलं होतं. भेसळ. टाकी संपली की प्रश्न संपेल.

पाटीचा परिणाम मात्र जबरदस्त. सिग्नलला शेजारच्या रिक्षातलं बाळ पाटी बघून रडलं. लक्ष वेधून घेते, हे सिद्ध.

५ फेब्रुवारी, गुरुवार

नवं पेट्रोल, चांगल्या पंपावरचं. काटा लाल रेघेच्या उंबरठ्यावर. बॉनेट इतकं तापलं की खालच्या मजल्यावरचं मांजर त्यावर उडी मारून बसलं आणि बसल्या पावली उठलं.

बायको म्हणाली, गॅरेजला दे. मी शांतपणे समजावलं की गॅरेजवाला दुरुस्ती करतो, निदान करत नाही. लोक माझ्याकडे येतात, डावी दाढ दुखते म्हणतात. मी बघतो तर दुखणं उजवीकडचं असतं. वीस वर्षं हेच करतोय. दात काय आणि इंजिन काय, दोन्हीकडे उष्णता, दाब आणि कुठेतरी लपलेला दोष. बायको म्हणाली, पण दात तापून बंद पडत नाहीत. तिला विज्ञानाची आवड नाही.

संकल्प: निदान मीच करणार.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सासरेबुवांचा फोन. त्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे बायकोच्या आत्याबाईंना, त्यांचा मुलगा कायमचं परदेशी घेऊन चालला आहे. तेवीस तारखेला निघणार. आत्याबाई डोंगरावरच्या गावात राहतात, घाट चढून जावं लागतं. सासरेबुवा म्हणाले, “डॉक्टर, मला अजून कडेकडेने थोडं दिसतंय. तेवढ्यात तिला एकदा बघून घेतो म्हणतो. बसने जाईन मी, तुम्ही त्रास घेऊ नका.”

बसने! त्यांचीच गाडी आमच्या दारात उभी असताना! मी ताबडतोब म्हटलं, बाबा, एकवीस तारखेला मी स्वतः नेणार, शब्द दिला.  ते म्हणाले, “गाडी बरी आहे ना?”

हा मला टोमणा होता. जावयाची परीक्षा घेतायत. म्हटलं, गाडी एकदम ठणठणीत.

फोन ठेवल्यावर बायकोने कॅलेंडरवर बोट ठेवलं. मी तिला म्हटलं, पंधरा दिवस आहेत, एवढ्यात लोक कवळ्या बसवून लग्नाला उभे राहतात.

८ फेब्रुवारी, रविवार

दुसरं निदान: कूलंट. म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी. जुनं काढून टाकून नवं भरलं. काढताना खाली पातेलं ठेवायचं राहिलं. पार्किंगभर हिरवा ओघळ. वरच्या मजल्यावरचे काका फिरून येत होते, त्यांच्या चपला हिरव्या झाल्या. काका म्हणाले, आमच्या वेळी गाड्या तापायच्या नाहीत. मी म्हटलं, तुमच्या वेळी गाड्या होत्या का? बोलणं तिथेच संपलं. माणसं उगाच मनाला लावून घेतात.

नवं कूलंट भरून बाजारापर्यंत चक्कर मारली. जाताना काटा खाली. येताना वर. म्हणजे अर्धं यश. निम्म्या रस्त्यापुरती गाडी बरी झाली आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

व्हिडिओ बघायला सुरुवात केली आहे. मोबाइलवर एक मिशीवाला गृहस्थ आहे, त्याचे हात काळे आणि आवाज गोड. तो म्हणतो, शंभरातल्या नव्वद गाड्या थर्मोस्टॅटमुळे तापतात. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या पाण्याचा छोटा दरवाजा. पाणी तापलं की उघडतो. अडकला की पाणी कोंडतं. इतकं साधं! मला मनातून हेच वाटत होतं.

व्हिडिओ बघता बघता एका पेशंटच्या तोंडात कापूस तसाच राहिला. तो बराच वेळ आ करून बसला होता. मदतनीस बाईंनी येऊन आठवण केली. पेशंट तक्रार करत नाहीत, हा आमच्या धंद्याचा मोठा फायदा.

११ फेब्रुवारी, बुधवार

थर्मोस्टॅट काढला! एकट्याने! मिशीवाल्याने सांगितल्याप्रमाणे पाण्यात उकळून तपासला. घरात दुधाचंच पातेलं रिकामं होतं. पाणी उकळलं आणि दरवाजा अलगद उघडला. सुंदर दृश्य. बायकोला बोलावलं. ती आली, पातेल्यात बघितलं, पातेलं उचललं आणि गॅलरीत नेऊन ठेवलं. आता ते पातेलं माझं आहे म्हणाली.

म्हणजे थर्मोस्टॅट चांगला होता. परत बसवला. एक बोल्ट उरला. कंपन्या जास्तीचे देतात.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

काटा लाल रेघेला टेकला. थर्मोस्टॅट अजून नव्या जागी रुळला नसावा. जागा जुनीच आहे, पण काढून घातला की त्याला नवीच वाटणार. दाताचंही तसंच असतं. नवी कॅप टोचते, मग जीभ सरावते.

बायकोने विचारलं, बसची तिकिटं काढून ठेवू का, नुसती ठेवू, वापरायची नसतील तर नको. मी म्हटलं, हा माझ्यावर अविश्वास आहे. ती म्हणाली, हो.

तिच्याकडे लायसन्स आहे. याच गाडीवर तिला सासरेबुवांनी शिकवलं होतं. लग्नाआधी घाटातही चालवायची म्हणे. पण आता या गाडीला माझ्या हाताची सवय झाली आहे. मध्येच हात बदलला तर गिअर बिथरतात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

केवळ बायकोच्या समाधानासाठी गाडी गॅरेजला नेली. गॅरेजवाल्याने गाडीभोवती चक्कर मारली आणि म्हणाला, दोन दिवस ठेवून जा, आणि आधी हे पुढचं सगळं उतरवावं लागेल, मग आत बघतो.

म्हणजे पाटी! दोन दिवस माझी पाटी त्याच्या गॅरेजमध्ये धूळ खात पडणार? दात कोरून पोट भरत नाही हे खरं, पण पाटीशिवाय कोरायला दातही मिळत नाहीत. गाडी वळवून परत आणली. वाटेत काटा लाल रेघेच्याही वर. गाडीलाही राग आलेला दिसतो.

बायकोला सांगितलं की गॅरेजवाल्याला काही समजलं नाही. हे खरंच आहे. त्याने बघितलंच नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

तिसरं निदान: रेडिएटरचं झाकण. गाडी तापलेली असताना झाकण उघडू नका असं मिशीवाला म्हणतो. तो हे व्हिडिओच्या शेवटी म्हणतो. मी शेवटपर्यंत बघितला नव्हता.

शर्टाची उजवी बाही गेली. हात वाचला. बायकोने मलम लावताना एक शब्द काढला नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भाजतं.

नवं झाकण बसवलं. चकचकीत आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मोठा दिवस! खरं निदान सापडलं, आणि तेही अगदी योगायोगाने.

शाळेतल्या एक बाई दाढ काढायला आल्या होत्या. दवाखान्याच्या दारात माझी गाडी वाफ टाकत उभी होती, ती बघतच आत आल्या. मी इंजेक्शन दिलं, जबडा बधिर होईपर्यंत त्यांना गाडीची सगळी हकिगत सांगितली. त्या एकदम खुर्चीत उठून बसल्या, खिडकीबाहेर गाडीकडे बोट दाखवलं आणि बधिर तोंडाने म्हणाल्या, “पा...ई! पा...ई!”

पाणी! मी त्यांना म्हटलं, बरोबर, पाणी, पण पाणी भरलेलं आहे बाई. त्यांनी जोरजोरात मान हलवली. हाताने चौकोन काढून दाखवला. पुन्हा “पा...ई!” मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चौकोनी, पाण्याचं: वॉटर पंप! इंजिनात पाणी फिरवणारा पंप! त्यांनी कपाळाला हात लावला, बहुतेक माझी हुशारी बघून. मी त्यांना झोपवलं, दाढ काढली आणि तोंडात कापूस देऊन तासभर बोलायचं नाही अशी सक्त सूचना दिली.

जाताना त्या गाडीसमोर थांबल्या होत्या. पाटीवर हाताने थापट्या मारत होत्या. कौतुक करणारी माणसं अजून आहेत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

नवा वॉटर पंप आणला. जड आहे, देखणा आहे. फक्त जुना कुठे बसवलाय ते सापडेना. मिशीवाल्याच्या गाडीत तो डावीकडे होता. आमच्या गाडीत डावीकडे बॅटरी आहे. सगळी दुपार बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होतो. वरचे काका गॅलरीतून बघत होते. ‘उंटावरचा शहाणा’ असं काहीतरी म्हणाले. इथे उंट कुठून आला कळलं नाही.

शेवटी नवा पंप खोक्यासकट डिकीत ठेवला. गाडीत नुसता असला तरी आधार वाटतो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज जालीम उपाय मिळाला. मिशीवाला म्हणतो, इंजिन तापलं तर गाडीतला हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाची उष्णता आत येते, इंजिन थंड होतं. करून बघितलं. काटा खरंच रेघभर खाली आला! मी घामाने निथळून निघालो, पण इंजिनासाठी माणसाने एवढं करायला हवं.

प्रश्न सुटल्यात जमा आहे. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बाबांना या वयात भट्टीत घालून नेणार का? मी म्हटलं, खिडक्या उघड्या ठेवू.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सासरेबुवा आले. कसे? बसने. स्टँडवरून चालत. मी घ्यायला जाणार होतो, पण गाडी निवत ठेवली होती.

जेवताना त्यांनी गाडीबद्दल अवाक्षर काढलं नाही. आत्याबाईंबद्दलच बोलत होते. लहानपणी आई गेली तेव्हा ह्यांना तिनेच वाढवलं, स्वतः शाळा सोडली, ह्यांची फी भरायला लोकांचे कपडे शिवून दिले. तिच्या हनुवटीवर एक खळी आहे, ती हसली की दिसते, ती अजून दिसेल का मला, असं म्हणाले. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना धीर दिला की हीटर सोडला की काटा खाली येतो, काळजी करू नका.

माझ्या सामानात घेतलं: कूलंट, पाण्याचे कॅन, पाने, दोरी, पंखा म्हणून एक पुठ्ठा, स्पार्क प्लग घासायला बारीक पॉलिश पेपर, आणि ही रोजनिशी. बायकोच्या सामानात घेतलं: चादर, औषधं, आणि बसचं वेळापत्रक. तिने ते मला दिसू नये म्हणून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. दिसलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार. दुपार. घाटात.

गाडीत बसून लिहितोय. गाडी उभी आहे. मी विश्रांती देतोय तिला, स्वेच्छेने.

सकाळी वेळेवर निघालो. सपाटीवर छान. हीटर पूर्ण, खिडक्या पूर्ण उघड्या, वर ऊन. सासरेबुवांनी आधी स्वेटर काढला, मग पायमोजे. मग विचारलं, “डॉक्टर, आपण आत्याकडे चाललोय की मला भाजून तिच्या ताटात वाढायचंय?” विनोदी स्वभाव आहे त्यांचा.

घाट लागला. काटा उठला. पहिल्या वळणाला मधोमध, पुढच्या वळणाला लाल रेघेवर. मी बायकोला म्हटलं, पाहा, अजून रेघेबाहेर गेलेला नाही. तेवढ्यात गेला. बॉनेटच्या कडांतून वाफ निघायला लागली. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने ब्रेक मारून आमच्याकडे बघितलं. दात विचकत, नाकातून वाफा सोडत डोंगर चढणारी गाडी त्याने कधी पाहिली नसावी. त्याने हात जोडले.

कठड्याला लागून गाडी घेतली. सगळे उतरलो. मी बॉनेट उघडून थर्मोस्टॅटबद्दल सांगत होतो. सासरेबुवा ऐकत नव्हते. त्यांची सवय आहे, गाडी थांबली की एकदा तिच्याभोवती फिरायचं. आता नीट दिसत नाही म्हणून पत्र्यावरून हात फिरवत फिरले. मागून निघाले, दारावरून, मडगार्डवरून, हेडलाइटवरून आले आणि पुढे येऊन थबकले. हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला.

“इथे जाळी होती,” म्हणाले.

मी म्हटलं, आहे की, पाटीच्या मागे.

“कसली पाटी?”

बायकोने वाचून दाखवली. सगळी. फोन नंबरासकट. शेवटचं ‘हसा, अगदी मोकळेपणाने!’ वाचताना तिचा आवाज कसातरीच झाला.

सासरेबुवांनी रबराच्या पट्टीवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही दिवसभर लोकांना ‘आ’ करायला सांगता. आणि हिचं तोंड शिवून टाकलंत? वारा कुठून आत जायचा हिच्या?”

मी त्यांना सांगितलं की वाऱ्याचा मुद्दा बाळबोध आहे, आजकालच्या गाड्या पाण्यावर थंड होतात. ते म्हणाले, “आणि ते पाणी कशावर थंड होतं?” या विषयावर मिशीवाल्याचा व्हिडिओ आहे, मला तो अजून बघायचा आहे. तसं सांगितलं.

बायको रस्त्याकडेला बसून हसायला लागली. थांबेचना. मग एकदम थांबली आणि वेळापत्रक काढलं. म्हणाली, बाबांना अंधार पडल्यावर काहीच दिसत नाही, आत्याला उजेडात बघायचंय त्यांना, मी थांबणार नाही. हे ती माझ्याशी भांडण्याच्या आवाजात बोलली नाही, म्हणून मी डिकीतून त्यांचं सामान काढून दिलं.

बस आली. दोघं चढली. कप्तान जहाज सोडत नाही, म्हणून मी राहिलो. सासरेबुवांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझा खांदा शोधला आणि थोपटला. मला वाटतं ते मनातून खजील झाले असावेत.

तीच दुपार, थोड्या वेळाने.

एक महत्त्वाचा शोध लागला आहे, ताबडतोब लिहून ठेवतो.

वारा घालायला आणलेला पुठ्ठा वाफेने भिजून लोळागोळा झाला. दुसरं सपाट, रुंद काही जवळ नव्हतं. म्हणून, केवळ पंखा म्हणून, पाटी उतरवली. सासरेबुवांच्या बोलण्याशी याचा काडीचा संबंध नाही. पाटीने इंजिनाला दणकून वारा घातला. दोन्ही हात भरून आले. मग गाडी सुरू केली. काटा मध्याच्याही खाली!

पुढचं वळण चढलो. खाली. त्याच्या पुढचं. खालीच. हीटर बंद केला. तरी खाली. कठड्यापलीकडे दरी, थंडगार वारा, आणि काटा असा शांत की जणू झोप लागलीय.

निष्कर्ष: थर्मोस्टॅट अखेर रुळला. हाताने घातलेल्या वाऱ्याने त्याला चालना मिळाली. धीर धरला हे बरं झालं. पाटी पुन्हा वारा घालायला लागेल म्हणून मागच्या सीटवर ठेवली आहे.

वाटेत बसला मागे टाकलं! हॉर्न वाजवला, हात केला. सासरेबुवा दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसले होते. बायको माझ्याकडे बघत होती. तिने हात केला नाही, पण पदर तोंडाला लावला होता. भरून आलं असणार.

तोच दिवस, संध्याकाळ. आत्याबाईंचं घर.

बसच्या आधी पोचलो, म्हणून स्टँडवरून त्या दोघांना घेऊन मीच घरी सोडलं. म्हणजे शब्द पाळला, हे नोंदवून ठेवतो. ऊन अजून अंगणात होतं.

घरभर खोकी. निम्मं सामान बांधलेलं, भिंतींवर फोटो काढल्याचे पांढरे चौकोन. आत्याबाई दारात उभ्या होत्या. ऐकू कमी येतं त्यांना. भावाने हाक मारली ती त्यांना ऐकू गेली नाही, त्या हसल्या ते त्याला दिसलं नाही. दोघंही एकमेकांसाठी थांबून राहिले. मग बायकोने दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले.

मी तेव्हा बॉनेट उघडून पाणी बघत होतो, त्यामुळे पुढचं नीट पाहिलं नाही. बॉनेटमध्ये धूळ फार होती. डोळ्यांत गेली.

खायला बसलो तेव्हा आत्याबाई एकाच बाजूने चावत होत्या. तोंड मिटून, ओठ आवळून. भाऊ समोर, तरी हसत नव्हत्या. बायको म्हणाली, निघायचं दुःख आहे. मला ते दुःख वाटलं नाही. मी म्हटलं, आत्याबाई, आ करा. खालच्या कवळीची कड उजवीकडे उचललेली, हिरडीवर लालभडक फोड. कितीतरी दिवस सोसत होत्या. परदेशात कुणाला सांगायचं म्हणून बोलल्या नाहीत. कवळी काढून घेतली, प्लगसाठी आणलेल्या पॉलिश पेपरने कड घासली, लावून बघितली, पुन्हा थोडी घासली. झालं. किरकोळ काम, लिहिण्यासारखं नाही.

त्यांनी चावून बघितलं. मग दुसऱ्या बाजूने चावून बघितलं. आणि मग एकदम तोंड उघडून खळखळून हसल्या. सासरेबुवा खुर्ची ओढून त्यांच्या अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन बघत बसले. मान तिरकी करून, कारण त्यांना कडेनेच दिसतं. हनुवटीला बोट लावलं. “आहे,” म्हणाले.

मी घाटातल्या थर्मोस्टॅटची हकिगत सांगायला सुरुवात केली, पण कुणाचंच लक्ष नव्हतं. नंतर सांगेन.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी पाना घेऊन बाहेर आलो. थर्मोस्टॅट रुळलाच आहे तर पाटी परत बसवायची. पाटी मागच्या सीटवर नव्हती. आत्याबाईंच्या काचेच्या भांड्यांच्या खोक्याला झाकण सापडत नव्हतं म्हणे. बायकोने पाटी दिली, मापात बसली, सुतळीने बांधून टाकली. खोकं पहाटेच्या टेम्पोतून बंदरावर रवाना. दात वरच्या बाजूला. आता माझा फोन नंबर समुद्रापलीकडे जाणार. तिकडच्या पेशंटांनी इतक्या लांब येऊ नये एवढंच.

मी काही बोलणार तेवढ्यात आत्याबाई दोन्ही हातांनी माझे गाल धरून म्हणाल्या, “जावईबापू, डॉक्टर असावा तर असा!” मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. मग विषय निघाला नाही.

निघताना मी चालकाच्या दारापाशी गेलो तर बायको आधीच आत बसलेली. आरसा नीट करत होती. म्हटलं, गिअर बिथरतील. तिने गिअर टाकला. बिथरला नाही. तिने आणि गिअरने मिळून ठरवलेलं दिसतं. पुढे तिच्या शेजारी बसावं म्हणून वळलो, तर तिथे सासरेबुवा. त्यांना पुढून कडेकडेने रस्ता दिसतो, वळण आलं की तिला सांगायचं आहे, ती गाडी शिकत असताना सांगत होते तसं. “डावीकडे घे. आता सोड. छान.” ती आपण शिकाऊ असल्यासारखी, “हो बाबा, हो बाबा.”

मी मागे, खोक्यातल्या वॉटर पंपाशेजारी. डिकीत आत्याबाईंनी दिलेलं सामान भरलंय, त्यामुळे पंप वर आला. गुडघे हनुवटीला लागतायत. लिहिताना अक्षर हलतंय.

घाट उतरला. सपाटी आली. गाडी गुणगुणत चालली आहे. ती दोघं पुढे कसलीशी जुनी आठवण काढून हसतायत, मला अर्धीच ऐकू येते.

मागच्या सीटवरून काटा दिसत नाही. वाकून बघितला तर बायकोचा खांदा आड येतो. म्हणून विचारलं, किती आहे?

बायको म्हणाली, झोप जरा.

मी म्हटलं, नुसतं सांग, मध्याच्या वर की खाली?

सासरेबुवा म्हणाले, झोपा डॉक्टर.

झोपलो.